चोवीस गुरू, की चोवीस लबाड?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष महिना लागला की आपल्या घरांचं रूपच बदलतं. गुरुवारी चौरंगावर महालक्ष्मीचा घट बसतो, संध्याकाळी सवाष्णींना हळदीकुंकू, फळ आणि कथेची पोथी दिली जाते. आणि याच महिन्याच्या पौर्णिमेला दत्तजयंती, त्याआधी गुरुचरित्राचा सप्ताह. म्हणजे एकाच महिन्यात आपण लक्ष्मीलाही बोलावतो आणि ज्याच्याजवळ काही म्हणता काही नाही त्या अवधूतालाही. दोघं एकाच देव्हाऱ्यात सुखाने नांदतात. प्रश्न आपल्या मनाचा आहे, तिथे दोघांना जागा आहे का?

हल्ली आपल्या घरांतून दोन वाक्यं फार ऐकू येतात. एक, "अजून हवं." दुसरं, "सगळे सारखेच असतात, कोणी कोणाचं नसतं." पहिलं वाक्य हावेचं आणि दुसरं अविश्वासाचं. वरवर पाहता त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही असं वाटतं. पण थोडं खोलात गेलं तर लक्षात येतं की या दोघी सख्ख्या बहिणी आहेत आणि आपली झोप त्या दोघी मिळून नेतात. या अंकात त्यांच्याबद्दलच थोडं बोलू या.

*गीता काय सांगते*

गीतेच्या १६ व्या अध्यायात भगवंतांनी दैवी आणि आसुरी संपत्ती सांगितली आहे. २४ श्लोकांचा हा छोटा अध्याय. आसुरी वृत्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शिंगं आणि सुळे येतात. भगवंत मात्र सुरुवात करतात ती एका विचारापासून. आठव्या श्लोकात ते म्हणतात, ही माणसं जगाला खोटं मानतात, त्याला काही आधार नाही, कोणी ईश्वर नाही, सगळं केवळ वासनेतून चाललंय, दुसरं कारण काय असणार, असं म्हणतात. आता हेच आपल्या रोजच्या बोलण्यात मांडून पाहा. "अहो, फुकट कोण काय करतं? प्रत्येकाचा काहीतरी मतलब असतोच." तेच आहे ना?

आणि मग तेराव्या श्लोकात हीच माणसं काय बोलतात? आज मी हे मिळवलं, उद्या ते मिळवीन, एवढं धन माझं आहे, तेवढंही माझं होईल. म्हणजे आधी अविश्वास आणि मागोमाग हाव. हा क्रम महत्त्वाचा आहे. ज्याला वाटतं की जगात भरवशाचं कोणी नाही, तो भरवसा शोधायला वस्तूंकडे वळतो. माणूस दगा देईल, सोनं देणार नाही. नातं तुटेल, फ्लॅट राहील. आणि वस्तूंच्या मागे धावता धावता माणसांसाठी वेळ उरत नाही, माणसं दुरावतात, मग तो म्हणतो, "बघा, मी म्हणत नव्हतो? कोणी कोणाचं नसतं." असं हे चाक फिरत राहतं.

या दोन श्लोकांच्या मध्ये, अकराव्या श्लोकात, भगवंतांनी परिणाम सांगून ठेवला आहे: मोजमाप नसलेली चिंता, आणि तीही मरेपर्यंत. नरकाचा उल्लेख पुढे येतो. त्याच्या आधी चिंता आली आहे. म्हणजे शिक्षा मेल्यावर मिळेल तेव्हा मिळेल, चिंता मात्र आजच सुरू झाली.

आजचे अभ्यासकही वेगळ्या वाटेने इथेच पोचले आहेत. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ टिम कॅसर यांनी या विषयावर बरीच वर्षं काम केलं, २००२ साली त्यांचं पुस्तकही आलं. पैसा, प्रसिद्धी आणि दिसणं यांनाच आयुष्यात सर्वांत वरचं स्थान देणाऱ्यांमध्ये समाधान कमी आणि चिंता, उदासी जास्त आढळते, असा त्यांचा निष्कर्ष. दुसऱ्या एका अभ्यासात ३० देशांतल्या सुमारे २ लाख लोकांची माहिती तपासली गेली. सगळ्यांवर संशय घेणारा माणूस जास्त हुशार असतो, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्ष चाचण्यांत मात्र अशा माणसांचे गुण सरासरीने कमीच निघाले. म्हणजे "मला कोणी फसवू शकत नाही" असं म्हणणारा शहाणा दिसतो, असतोच असं नाही.

*हंड्यातले कोळसे*

गुरुवारची कथा आपल्याला तोंडपाठ असते, म्हणूनच कदाचित ती आपण नीट ऐकत नाही. सौराष्ट्राचा राजा भद्रश्रवा आणि राणी सुरतचंद्रिका. महालक्ष्मी म्हातारीच्या रूपाने दारात येते. राणी काय करते? तिला हाकलून लावते. पूर्वजन्मी ही राणी गरीब होती आणि याच व्रताने तिला वैभव मिळालं होतं, ते ती विसरली होती. दारात आलेली म्हातारी काहीतरी मागायलाच आली असणार, दुसरं काय, एवढंच तिला सुचलं. वास्तविक ती द्यायला आली होती.

इथे थोडं थांबू या. संपत्ती आल्यामुळे राणीचं राज्य गेलं, असं कथा म्हणत नाही. संपत्ती मिळाल्यावर दारातलं माणूस ओळखण्याची नजर गेली, आणि मग राज्य गेलं. तिची मुलगी श्यामबाला त्याच राजवाड्यात, त्याच वैभवात वाढलेली. पण तिने म्हातारीची क्षमा मागितली, तिचं ऐकून घेतलं आणि व्रत केलं.

पुढे दारिद्र्य आल्यावर वडील लेकीकडे जातात, ती मोहरांचा हंडा देते, घरी आल्यावर राणी उघडून बघते तर आत कोळसे! लहानपणी आपल्याला ही जादू वाटायची. आता संसार करून पन्नाशी ओलांडल्यावर कळतं की यात जादू काहीच नाही. असे हंडे आपण रोज बघतो. हप्त्यावर घेतलेला मोठा टीव्ही आठ दिवसांत भिंतीचा भाग होतो. लग्नात नेसलेला शालू, त्यावर "अगं, तिचा याहून भारी होता" एवढं एक वाक्य ऐकलं की मोहरांचे कोळसे झालेच. हंड्यात वस्तू तीच असते, पण उघडणाऱ्याचं मन तयार नसेल तर हाताला काळं लागतं.

आणि कथेच्या शेवटी श्यामबाला माहेरून काय आणते? मीठ. नवरा विचारतो, माहेरून काय आणलंस? ती त्या दिवशी सगळा स्वयंपाक अळणी करते आणि मग ताटात मीठ वाढते. हेच राज्याचं सार, म्हणते. स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या आपणा सगळ्यांना याचा अर्थ कोणी समजावून द्यायला नको. पन्नास पदार्थ केले आणि मीठ विसरलं तर पान तसंच राहतं. घरात सगळं आहे आणि एकमेकांवर विश्वास नाही, तर ते घरही तसंच अळणी.

*यदुराजाचा प्रश्न*

आता आपल्या दत्तमाऊलींकडे येऊ. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात श्रीकृष्ण उद्धवाला यदु आणि अवधूताचा संवाद सांगतात. याच स्कंधावर एकनाथ महाराजांनी टीका लिहिली, जिला आपण एकनाथी भागवत म्हणतो. शके १४९५, म्हणजे इ. स. १५७३ मध्ये ती काशीत पूर्ण झाली. आपली परंपरा त्या अवधूताला दत्तात्रेयच मानते.

यदु हा ययातीचा मुलगा. ययातीने म्हातारपण नको म्हणून मुलांकडे तारुण्य मागितलं. धाकट्या पुरूने दिलं, यदूने नाकारलं. हजार वर्षं भोग भोगून ययातीला कळलं की आगीत तूप ओतून आग विझत नाही. अशा घरातला हा मुलगा. त्यामुळे त्याचा प्रश्न वाचला की वाटतं, याने हाव जवळून पाहिलेली आहे. तो विचारतो, महाराज, सगळं जग काम आणि लोभाच्या वणव्यात होरपळतंय, आणि गंगेच्या पाण्यात उभ्या असलेल्या हत्तीसारखे तुम्ही शांत कसे? तुमच्याजवळ ना घर, ना बायकामुलं, मग हा आनंद आला कुठून?

अवधूताने उत्तर दिलं, मला २४ गुरू भेटले. त्यांतल्या तिघांचीच आज आठवण करू.

कुरर पक्षी. कोणी त्याला टिटवी म्हणतं, कोणी घार. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा होता म्हणून दुसरे बलवान पक्षी त्याच्यावर तुटून पडले. त्याने तुकडा टाकला आणि त्याच क्षणी तो सुखी झाला. पक्षी आपल्या जिवावर उठलेत असं त्याला वाटत होतं, पण सगळ्यांचा डोळा तुकड्यावर होता. भावाभावांत वाटणीवरून वर्षानुवर्षं बोलणं बंद असतं, तेव्हा चोचीत काय आहे ते एकदा बघावं.

मधमाशी. तिने अवधूताला दोन गोष्टी शिकवल्या. लहान-मोठ्या प्रत्येक फुलातून ती सार तेवढं घेते, हे शिकावं. आणि ती साठवत बसते, मग मध काढणारा येऊन सगळं नेतो, ते मात्र टाळावं. एकच माशी, पण अविश्वासावरचं औषधही तिच्याजवळ आणि हावेवरचंही.

आणि पिंगला, विदेहनगरीतली वेश्या. कोणी धनवान येईल म्हणून नटूनथटून मध्यरात्रीपर्यंत दार-अंगण करत राहिली. कोणी आलं नाही. शेवटी तिला विरक्ती आली, तिने आशा सोडली आणि शांत झोपली. भागवत सांगतं, आशा हेच मोठं दुःख आणि आशा सुटणं हेच मोठं सुख.

इथे एक शंका नेहमी येते. परवाच्या सत्संगात एका भगिनींनी ती विचारलीही. "पिंगलेनेही आशा सोडली. आणि आम्ही म्हणतो, कोणाकडून काही आशा नाही. मग आमची झोप का उडते?" फार चांगला प्रश्न आहे. पिंगलेने अपेक्षा सोडली, श्रद्धा धरली. हृदयात इतका जवळ बसलेला परमेश्वर सोडून मी भलत्याच माणसांची वाट बघत होते, असं ती म्हणते. आपण उलटं करतो. श्रद्धा सोडतो आणि अपेक्षा मात्र धरून ठेवतो. "त्यांच्याकडून कसलीच आशा नाही" म्हणतो आणि वाढदिवसाला फोन आला नाही की दिवसभर तेच उगाळतो. पिंगलेची निराशा आणि आपली निराशा, शब्द एकच, पण एक झोप देते आणि दुसरी झोप उडवते.

आता त्या चोवीसांची यादी पुन्हा एकदा नजरेखालून घाला. त्यात पृथ्वी, वायू, सूर्य, समुद्र आहेत, तशी वेश्या आहे, पोळं लुटणारा आहे, अजगर आणि साप आहेत. आपल्यासारखा संशयी माणूस तिथे असता तर त्याला चोवीस लबाड दिसले असते. समुद्र खारट, अजगर आळशी, मधमाशी कंजूष, पोळं लुटणारा तर चोरच. अवधूताला त्यांतला एकही दोष दिसला नाही असं नाही. दोष दिसले, पण प्रत्येकाजवळून शिकण्यासारखं काय आहे हे त्याने त्याआधी पाहिलं. यदुराजाच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. त्याचा आनंद या नजरेतून आला.

*मग भोळं व्हायचं का?*

नाही. विवेक आणि संशय या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पोलिसांच्या नावाने फोन करून पैसे उकळणारे आहेत, दामदुप्पट योजना आहेत, भगव्या कपड्यांतले भोंदूही आहेत. ओटीपी कोणाला सांगू नये, सही करण्याआधी कागद वाचावा, देणगीची पावती मागावी. हा विवेक. विवेक एका गोष्टीची पारख करतो आणि थांबतो. संशय पारख न करताच सगळ्यांवर एकच शिक्का मारतो.

आपल्या केंद्रातलीच गोष्ट. दर गुरुवारी रुग्णालयाबाहेर बसलेल्या नातेवाइकांसाठी आपण खिचडी नेतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मध्यंतरी ग्रुपवर एक संदेश आला, "हे सगळं फोटोपुरतं असतं, डाळ-तांदळाचे पैसे कुठे जातात देव जाणे." पहाटे साडेचारला उठून डाळ-तांदूळ धुणाऱ्या भगिनींच्या मनाला ते फार लागलं. दोघी-तिघींनी येणं थांबवलं. त्यांचंही चूक नव्हतं. ज्येष्ठ सेवेकऱ्यांनी मात्र ग्रुपवर उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं. दुसऱ्या गुरुवारपासून भांडारघराच्या दाराशी फळा लागला. किती किलो तांदूळ आले, किती डाळ, तूप कोणी दिलं, किती ताटं गेली, शिल्लक काय, सगळं खडूने लिहायचं. फोटो काढणं बंद. आणि ज्यांनी संदेश टाकला त्या काकांना निरोप गेला, "मोजायला या, एक माणूस कमी पडतोय." ते अजून आलेले नाहीत. पण थांबलेल्या भगिनींपैकी एक परत आल्या आणि आता फळा त्याच लिहितात. संशयाला उत्तर हिशोबाने द्यावं आणि जागा मोकळी ठेवावी, एवढंच आपल्या हाती असतं.

अशाही एक ताई आपल्यात आहेत, ज्यांची आयुष्यभराची पुंजी एका योजनेत बुडाली, आणि त्या योजनेत त्यांना ओढणारं माणूस घरचंच होतं. त्या म्हणतात, "आता देवावरसुद्धा विश्वास बसत नाही." त्यांना श्रद्धेवर भाषण देऊ नका. त्यांचा अविश्वास हा जखमेवरचा खपला आहे, तो ओढून काढायचा नसतो. त्यांच्याकडे जा, बसा, कागदपत्रांसाठी बरोबर फेऱ्या मारा. माणसावरचा विश्वास माणसामुळेच उडाला आहे, तो परत येईल तोही एखाद्या माणसाच्याच हाताने.

*दुःख होतं, कडवटपणा नव्हता*

इंदूर-महेश्वरच्या आपल्या मंडळींना वेगळं उदाहरण शोधायला नको. अहिल्यामाईंचं आयुष्य बघा. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले. १७६६ मध्ये पित्यासारखे सासरे मल्हारराव गेले. पुढच्याच वर्षी एकुलता मुलगा मालेराव. उतारवयात नातू गेला, जावई गेले आणि मुलगी मुक्ताबाई डोळ्यांदेखत सती गेली. कोणी कोणाचं नसतं, असं म्हणण्याचा अधिकार कोणाला असेल तर तो या बाईला होता. आणि संपत्ती? होळकरांची खासगी दौलत हाताशी होती. त्या दौलतीतून काशीविश्वनाथाचं मंदिर पुन्हा उभं राहिलं, गयेचं विष्णुपद मंदिर झालं, देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा झाल्या. स्वतः राहिल्या त्या महेश्वरच्या साध्या वाड्यात, आणि हुकूम निघत ते श्रीशंकराच्या नावाने.

त्यांना दुःख झालं नसेल असं कसं म्हणावं? पण त्या दुःखाची भिंत न बांधता त्यांनी घाट बांधला. भिंतीपाशी माणूस अडतो, घाटावरून पाण्यापर्यंत पोचतो.

*या महिन्याचा नेम*

सद्गुरू नेहमी सांगतात, ऐकलेलं एक टक्का तरी आचरणात यावं. म्हणून पौर्णिमेपर्यंत एवढं करून पाहू या.

१. काही नवीन घ्यावंसं वाटलं तर एक गुरुवार जाऊ द्यायचा. पुढच्या गुरुवारीही गरज वाटली तर अवश्य घ्यावं. संसार आहे, चार पुरुषार्थांत अर्थही आहे, लक्ष्मी तुच्छ नाही.

२. "त्याचा काय मतलब असेल?" हे मनात आलं की त्याच माणसाचा एक गुण आठवायचा. सापडला नाही तर विषय सोडून द्यायचा.

३. दैवी गुणांत भगवंतांनी 'अपैशुन' सांगितलं आहे, म्हणजे कोणाच्या पाठीमागे चहाडी न करणं. खात्री नसलेला, कोणाची निंदा करणारा संदेश पुढे पाठवायचा नाही.

४. दारात आलेल्या माणसाला, मग तो कुरिअरवाला असो की कामवाल्या मावशी, पाणी विचारायचं. कोण कोणत्या रूपात येईल सांगता येत नाही.

५. रात्री झोपण्यापूर्वी, आज कोणाकडून काय शिकलो, एक नाव वहीत लिहायचं. दत्तजयंतीपर्यंत चोवीस नावं होतात का बघू. वही कोणाला दाखवायची नाही, माऊलींच्या पायाशी ठेवायची.

या नावांत घरचं माणूस विसरू नका. आपण बाहेर गुरू शोधतो आणि चहाचा कप रोज विसळून ठेवणारे सासरे, न सांगता लाईटबिल भरणारी सून आपल्या यादीतून राहून जातात.

दत्तमाऊली, आमच्या घरात लक्ष्मी येवो आणि आली म्हणजे आम्हाला तिची ओळख पटो. लोक फसवतील तेव्हा सावध राहण्याची बुद्धी दे, आणि एकाने फसवलं म्हणून बाकीच्यांवर दार लावण्याची बुद्धी देऊ नकोस. आमच्या ताटात आणि मनात मीठ असू दे.

सप्ताहाच्या पारायणासाठी ज्यांनी अजून नावं दिली नाहीत त्यांनी आपापल्या केंद्रप्रमुखांकडे द्यावीत. गुरुवारी पहाटे भाजी चिरायला हात कमी पडतात, जमेल त्यांनी यावं. विळी आपली आणावी.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥